जुन्या फॉन्टमधल्या मराठी फायली युनिकोडमध्ये कशा आणाव्यात? (वाचनालयाच्या स्मरणिका)

ओटीवर

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावचं वाचनालय दरवर्षी गणपतीत स्मरणिका काढतं. १९९७ ते २००८ या काळातल्या अंकांची जुळणी तालुक्याच्या गावी एका डीटीपीवाल्या (संगणकावर पानं जुळवणाऱ्या) काकांकडे झाली. दुकान बंद करताना काकांनी सगळ्या सीड्या आणि एक जुनी हार्ड डिस्क वाचनालयात आणून दिली. त्यात काय नाही! होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या मुलाखती, भाताच्या जुन्या जातींची नावं, वाडीवार विहिरींची यादी, आज्यांनी सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या. सांगणारी बरीच माणसं आता हयात नाहीत.

अडचण अशी की फाइल उघडली की रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा ढीग दिसतो. काकांनी दिलेला फॉन्ट टाकला की मराठी दिसतं, पण त्यात 'विहीर' शोधायला गेलं तर काही सापडत नाही. मोबाइलवर पाठवलं की पुन्हा ढीग. कार्यकारिणीत सूर असा की सगळं नव्याने टाइप करून घ्यावं. मला ते पटत नाही. एकदा कुणीतरी अक्षर न् अक्षर टाइप केलंय, मुद्रितं तपासली आहेत. ती मेहनत फाइलच्या आत असणारच, ती बाहेर काढून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फॉन्टमध्ये मराठीच राहील अशा रूपात, कशी आणायची एवढाच प्रश्न आहे.

काही फायली वर्डच्या, जास्त पेजमेकरच्या (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर). तीन-चार वेगवेगळे फॉन्ट. दोन अंकांच्या फायलीच नाहीत, फक्त छापील प्रती आहेत. कुठून सुरुवात करू?

खिळेजुळारी

ताई, सगळ्यात आधी एक काम करा. त्या सीड्या आणि हार्ड डिस्कवरचं जे आहे ते सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवा. मूळ फायलींना हात लावायचा नाही, काम प्रतीवर. जुनी हार्ड डिस्क जुन्या रुंद पट्टीच्या केबलची असेल तर यूएसबीला जोडायचा अडॅप्टर बाजारात मिळतो, त्याला वेगळा वीजपुरवठा असलेलाच घ्या. डिस्क कटकट आवाज करत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, जाणकाराकडे द्या.

दुसरं, फायलींइतकाच फॉन्ट जपा. माझी सगळी उमेद डीटीपीत गेली, म्हणून सांगतो. नाव सारखं असूनही आतली मांडणी वेगळी असलेले फॉन्ट मी भरपूर पाहिलेत. श्रीलिपीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, सी-डॅकचे 'योगेश', 'सुरेख', शिवाजी, कृतिदेव, प्रत्येकाचं गणित निराळं. काकांच्या सीडीत फॉन्टचा फोल्डर असेल तर तीच तुमची किल्ली. तो फॉन्ट हरवला तर पुढचं सगळं अंदाजपंचे. हे फॉन्ट विकतचे असतात, तेव्हा जालावर टाकू नका, पण वाचनालयाच्या संग्रहात फायलींच्या शेजारी ठेवा आणि कुठल्या अंकाला कुठला फॉन्ट ते लिहून ठेवा.

काका भेटण्यासारखे असतील तर भेटा. कीबोर्ड कुठला वापरायचे, मथळ्यांना कुठला फॉन्ट, हे ते पाच मिनिटांत सांगतील.

रानवारा

वाचनखूण साठवली. आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकाचीही हीच गत आहे.

मला मुळात हे कळत नाही की फॉन्ट टाकला की मराठी दिसतं, मग संगणकाला ते मराठी का वाटत नाही?

पायथनपंत

कारण ते मराठी म्हणून साठवलेलंच नाही. संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरंच आहेत. फॉन्टमध्ये त्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे रेखाटलेत, एवढंच.

कृतिदेव ०१० चं उदाहरण घेऊ. 'भारत' हा शब्द फाइलमध्ये असा असतो: मोठा एच, के, के, जे, आर. एच म्हणजे अर्धा भ. पहिला के म्हणजे उभा दंड, तो लागून भ पूर्ण होतो. दुसरा के म्हणजे काना. चिन्ह एकच, कामं दोन! पुढे जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. टाइपरायटरवर जसे तुकडे जोडून अक्षर उठायचं तीच पद्धत, कारण मांडणी तिथूनच आली.

युनिकोडमध्ये तुकडे नसतात. भ ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो कुठल्याही फॉन्टमध्ये तोच राहतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण घराघरांतल्या विंडोजमध्ये ते नीट दिसायला लागलं विंडोज २००० आणि एक्सपीपासून. पेजमेकरला तर युनिकोड कधीच आलं नाही, त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ ची. त्यामुळे ताईंच्या अंकांच्या काळात पेजमेकर वापरणाऱ्या छापखान्यांना जुन्या फॉन्टशिवाय पर्याय नव्हता.

आता परिवर्तक, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर, काय करतो ते सांगतो, म्हणजे चुका कुठे होतात ते कळेल.

पहिली पायरी, तुकड्यांच्या जागी अक्षरं. कुठल्या तुकड्याचं कुठलं अक्षर याचं एक कोष्टक असतं. इथे लांब जोड आधी बदलायचे, सुटी चिन्हं नंतर. एच-के ही जोडी आधी 'भ' करून टाकली नाही तर एकट्या के चा काना होतो आणि 'भ्ाारत' असलं काहीतरी उभं राहतं.

दुसरी पायरी, पहिली वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तिथे, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवायची. 'कि' सोपा. पण 'स्थिती' मध्ये वेलांटीने स् आणि थ दोघांना ओलांडायला हवं. साधा परिवर्तक एकच अक्षर ओलांडतो, मग वेलांटी मध्येच अडकते आणि टिंबांचं वर्तुळ दिसतं. ते वर्तुळ दिसलं की समजा वेलांटीचा घोळ आहे.

तिसरी पायरी, रफार. तो उलटा. 'कर्म' जुन्या फॉन्टमध्ये क, म, रफार असा येतो, युनिकोडमध्ये र् हा म च्या आधी हवा. 'वर्षांनी' सारख्या शब्दात रफार आणि अनुस्वार यांचं बहुधा मिळून एकच चिन्ह असतं, त्याची वेगळी ओळ कोष्टकात लागते.

जालावर फुकट परिवर्तक बरेच आहेत. पुष्कळसे म्हणजे जावास्क्रिप्टचं एकच पान असतं, ते संगणकावर साठवून इंटरनेट बंद करूनही चालवता येतं. फायलींत वर्गणीदारांचे पत्ते, फोन असतील तर तसंच करा.

ओटीवर

पंत, हे फार नीट समजावलंत. काकांना भेटून आले. त्यांनी फॉन्टचा फोल्डर दाखवला, कुठल्या वर्षी कुठला फॉन्ट तेही सांगितलं. मी डायरीत उतरवलंय.

वर्डमधली एक मुलाखत करून पाहिली. बराचसा भाग सुंदर आला, पण मध्येच 'मुंबई पोर्ट ट्रस्ट' चं इंग्रजी नाव होतं, त्याचंही मराठी होऊन भलतंच काहीतरी बसलं. आणि काही अक्षरं गायबच आहेत. त्याच फाइलवर जुना फॉन्ट लावला तर ती अक्षरं दिसतात!

पायथनपंत

इंग्रजीचा उपाय: परिवर्तनाआधी फॉन्टवरून शोधा. लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरच्या 'शोधा आणि बदला' मध्ये अक्षराचे गुणधर्म देऊन शोधता येतं, वर्डमध्येही येतं. जुन्या मराठी फॉन्टचा मजकूर तेवढा निवडून त्याला रंग द्या. रंगवलेलं तेच बदलायचं, बाकी तसंच ठेवायचं. मी वर्डची फाइल नव्या, डॉकएक्स स्वरूपात साठवून पायथन या प्रोग्रामिंग भाषेने आतल्या प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट बघतो. ती फाइल म्हणजे झिपमध्ये बांधलेल्या एक्सएमएल फायली असतात, तिथे फॉन्टचं नाव लिहिलेलं मिळतं.

गायब अक्षरांची दोन कारणं असू शकतात. काही फॉन्टना विंडोज 'चिन्हांचा फॉन्ट' समजतं. त्यातला मजकूर वर्ड वेगळ्याच खणात, एफ शून्यने सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या मालिकेत ठेवतं. परिवर्तकाला ती चिन्हं ओळखू येत नाहीत. अशा वेळी सगळे क्रमांक आधी मूळ जागी खाली आणावे लागतात. ओळखायचं असं: अक्षराच्या उजवीकडे कर्सर ठेवा, अल्ट दाबून एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक दिसेल. तेच पुन्हा दाबलं की अक्षर परत. वर्ड आणि लिबरऑफिस दोन्हीत चालतं.

दुसरं कारण, क्रमांक १६० आणि १७३. संगणकाच्या दृष्टीने पहिली 'न तुटणारी मोकळी जागा' आणि दुसरा 'अदृश्य जोडरेघ'. जुन्या फॉन्टवाल्यांनी तिथेही अक्षरं बसवली होती. ब्राउझरच्या चौकटीत चिकटवताना ही दोन्ही कधी साध्या मोकळ्या जागेत बदलतात, कधी नाहीशीच होतात. म्हणून मोठ्या कामाला चिकटवाचिकटवी नको, थेट फाइल वाचणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) बरी. ताई, तुमच्या फॉन्टचं नाव निरोपातून कळवा, कोष्टक मी करून देतो. फॉन्टफोर्ज नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फॉन्ट उघडला की कुठल्या खणात कुठला तुकडा ते समोर दिसतं.

खिळेजुळारी

पंतांना पुस्ती. जुनी फाइल नव्या वर्ड प्रोसेसरमध्ये उघडून टाइप करू लागलात तर आपोआप दुरुस्तीची सोय आधी बंद करा. ती वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करते आणि सरळ अवतरणचिन्ह वाकडं करते. जुन्या फॉन्टमध्ये लहान आणि मोठं रोमन अक्षर म्हणजे दोन वेगळी देवनागरी अक्षरं, आणि अवतरणचिन्हाच्या जागीही एखादं अक्षर असतं. नुसतं एक स्वल्पविराम दुरुस्त करायला गेलेल्या माणसाच्या हातून परिच्छेदभर अक्षरं बदललेली मी पाहिली आहेत.

पेजमेकरबद्दल: काकांकडे पेजमेकर चालू असेल तर तिथूनच प्रत्येक लेख मजकूर म्हणून निर्यात करून घ्या. नाहीतर इनडिझाइन या पानं मांडायच्या नव्या सॉफ्टवेअरच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ आणि ७ च्या फायली उघडतात, नंतरच्या नाही. जुन्या छापखान्यांत ती आवृत्ती अजून असते, विचारून बघा.

अर्धमात्रा

मी मुद्रितशोधन करते, त्यामुळे यंत्राचं काम झाल्यावर काय उरतं ते सांगते. ते काम कमी नाही आणि ते माणसानेच करायचं आहे.

सगळ्यात जास्त छळतो तो 'ऱ्य'. जालावरचे पुष्कळसे परिवर्तक हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात, आणि हिंदीला हा अर्धा र नको असतो. ते सरळ रफार देतात. 'दुसऱ्या' चं 'दुसर्या', 'कोपऱ्यात' चं 'कोपर्यात'. आता कुणी म्हणेल, सगळे 'र्या' एका फटक्यात 'ऱ्या' करून टाका. मुळीच करू नका! कार्य, सूर्य, आचार्य, मर्यादा, पर्याय सगळे मोडतील. ताई, तुमच्या गावच्या अंकात तर दर्याही असणार आणि दऱ्याही असणार. एक समुद्र, एक डोंगरातली. 'आचार्यांनी' आणि 'आचाऱ्यांनी' यांत गुरुजी आणि स्वयंपाकी यांची अदलाबदल होते. इथे शब्दांची यादीच करावी लागते: हे शब्द आले तर बदला, बाकीचे मला दाखवा.

दुसरं, हाच 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एक खाली टिंब असलेल्या ऱ ने, दुसरा साध्या र ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे. शोध घेताना एकात लिहिलेलं दुसऱ्याने सापडत नाही. तसंच 'बँक'. कुणी चंद्रबिंदू देतं, कुणी चंद्र देऊन वर अनुस्वार देतं. आणि 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या मजकुरात अ ला जोडक लावून वर चंद्र दिलेला आढळतो. तुम्ही कुठलीही एक पद्धत ठरवा, पण सगळ्या अंकांना तीच ठेवा. नाहीतर ज्या शोधासाठी एवढा खटाटोप चाललाय तोच अर्धा राहील.

शब्दकोश लावून तपासणी करता येते, लिबरऑफिसला मराठीचा मिळतो. पण प्रत्यय लागलेले कितीतरी बरोबर शब्दही तो लाल करतो, आणि तुमच्या बोलीतले शब्द तर करणारच. त्या लाल रेघेवर विसंबून 'सुधारणा' करू नका. आजीने ओवीत जे म्हटलं तेच राहू दे. शंका आली तर छापील प्रत उघडा.

रानवारा

'दर्या' आणि 'दऱ्या'! आमच्या अंकात सह्याद्रीवर मोठा लेख आहे, तिथे नेमका हाच घोळ होणार होता.

एक विचारू का? आमच्याकडे काही फायली कुणीतरी आधीच युनिकोड करून ठेवल्यात, पण उघडल्या की नुसती डोक्यावर तिरकी रेघ असलेली रोमन ए, आणि चार कोपऱ्यांना काड्या असलेलं गोल चिन्ह, असं ओळीने दिसतं. आणि एका फाइलमध्ये फक्त प्रश्नचिन्हं.

पायथनपंत

पहिली फाइल शाबूत आहे. ते खरं युनिकोडच, यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेलं. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. उघडणाऱ्या सॉफ्टवेअरने ते जुन्या पश्चिमी संकेतातलं समजून प्रत्येक बाइटचं वेगळं अक्षर दाखवलं. देवनागरीत सुरुवातीचा बाइट नेहमी सारखाच, म्हणून तीच ए सारखी सारखी दिसते. नोटपॅड++ मध्ये उघडून 'एन्कोडिंग' मधून यूटीएफ-८ निवडा, मराठी दिसेल. फक्त त्याआधी ती फाइल चुकीच्या रूपात साठवू नका.

प्रश्नचिन्हांची फाइल मात्र गेली. देवनागरी माहीत नसलेल्या संकेतात ती साठवली गेली, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. मूळ प्रत शोधा. म्हणूनच जुळारीकाका म्हणतात ते पहिलं.

ओटीवर

अपडेट देते. पंतांनी आमच्या दोन फॉन्टची कोष्टकं करून दिली आणि अर्धमात्राताईंनी यादीचा पहिला खर्डा. वर्डमधले सगळे लेख झाले, पेजमेकरचे काकांच्या जुन्या संगणकावरून काढतोय. काल वाचनालयात 'विहीर' शोधून दाखवलं. वाडीवार यादी, एका मुलाखतीतली विहीर आणि ओवीतली विहीर, सगळं एका पडद्यावर! कार्यकारिणीने नव्याने टाइप करण्याचा विषय बंद केला.

आता छापील दोन अंक. स्कॅन करून मराठी ओळखतं असं काही आहे का? आणि मजकूर वाचनालयाच्या संकेतस्थळावर ठेवला तर चालेल का?

खिळेजुळारी

दुसऱ्याचं उत्तर आधी. लेखकांना किंवा त्यांच्या वारसांना विचारा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो. स्मरणिकेत लिहिणारी माणसं घरचीच असतात, नाही म्हणणार नाहीत, पण विचारलेलं त्यांना बरं वाटेल. परवानगी लेखी घ्या, दोन ओळी पुरतात.

पायथनपंत

ओळखण्यासाठी टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर वापरा. मोफत आहे, २००५ पासून मुक्तस्रोत. त्याला मराठीची वेगळी माहिती-फाइल मिळते, हिंदीची लावू नका, नाहीतर 'ऱ्य' चा पुन्हा तोच खेळ. चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी चांगली जमते. सॉफ्टवेअर टाकायचं नसेल तर स्कॅन गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर खाली येतो.

स्कॅन ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके), पान सपाट, पाठीमागे काळा कागद, म्हणजे मागच्या पानाची शाई पुढे दिसत नाही. दोन रकाने असतील तर आधी कापून वेगळे करा, नाहीतर डावी ओळ उजवीत घुसते.

अर्धमात्रा

त्यातून आलेलं तपासताना ध-घ, भ-म, थ-य, ब-व या जोड्यांवर नजर ठेवा. आणि आकड्यांवर. विहिरीची खोली १५ हात की १६ हात, हे वाक्यावरून कळत नाही, छापील प्रतीवरच बोट ठेवून वाचायला लागतं. शक्यतो दोघांनी बसा, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं.

ओटीवर

वाचनालयातल्या दहावीच्या मुली तयार आहेत, रविवारी बसतो.

अजून एक बारीकशी गोष्ट. मोबाइलवर वाचताना ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. मजकूर बरोबर आहे ना?

पायथनपंत

मजकूर बरोबरच आहे, फॉन्टचं वळण वेगळं. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. पानाची भाषा मराठी असं नोंदवलं तर मराठी वळण दिसतं. संकेतस्थळाच्या पानावर भाषेचा संकेत मराठीचा द्या, लिबरऑफिसमध्ये मजकूर निवडून भाषा मराठी करा.

रानवारा

शब्दांची यादी इथे डकवाल का? आम्हीही त्यात भर घालू.

ओटीवर

नक्की. आत्तापर्यंत 'ऱ्य' चे हे जमलेत, सगळे स्मरणिकांतूनच: दुसऱ्या, तिसऱ्या, कोपऱ्यात, वाऱ्यावर, किनाऱ्याला, पायऱ्या, दोऱ्या, विचारणाऱ्या, बांधणाऱ्या, शेतकऱ्यांनी, वारकऱ्यांच्या, गावकऱ्यांना, साऱ्या, बिचाऱ्या, गोऱ्या. आणि 'ऱ्ह' चे: तऱ्हा, वऱ्हाडी, गुऱ्हाळ, कऱ्हाड.

अर्धमात्रा

यात 'चेहऱ्यावर', 'नवऱ्याने', 'म्हाताऱ्या', 'भाकऱ्या', 'नोकऱ्या', 'बकऱ्या', 'खऱ्या', 'पुऱ्या' घाला. 'दऱ्या' आणि 'आचाऱ्या' यादीत घेऊ नका, ते प्रत्येक वेळी माणसाने बघायचे.

खिळेजुळारी

'सुपाऱ्या', 'तुताऱ्या', 'न्याहाऱ्या', 'कुऱ्हाड'. कोकणातला अंक आहे म्हटल्यावर सुपाऱ्या हव्यातच.